नंबर लावून गायब झालेली बाई

आता हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, मग सांगते. कारण या सगळ्यात मूर्ख एकच आहे, आणि ती तुमच्यासमोर बसून चहा पितेय.

तीन महिने मला चक्कर येत होती. ओट्याशी उभी राहिले की भिंत धरायची. पण कधी ओमची परीक्षा, कधी सासूबाईंचा गुडघा, कधी वर्षाचा मसाला. दवाखान्यात जायला मुहूर्तच सापडेना! शेवटी एकदा दूध तापवता तापवता खालीच बसले, तेव्हा हे घाबरले. यांनीच माझ्या आधार कार्डाचा फोटो पाठवून कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. "आज दाखवलं नाहीस तर उचलून नेईन," म्हणाले. मला, उचलून! पण काळजी होती हो बिचाऱ्यांना.

नाशिक रोडहून वेळेत पोचले, बाकावर बसले. काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "वैजयंता!"

कोणी उठेना.

"वैजयंताताई आहेत का?"

मी शेजारच्या काकूंना म्हटलं, "बघा! नंबर लावायचा आणि गायब व्हायचं. आपल्या बायकांना ना, स्वतःच्या तब्येतीची किंमतच नाही!"

"अगदी खरं बोललात," काकू म्हणाल्या.

झालं! मला चेव आला. थेट पार्किंगमध्ये जाऊन ओरडले, "वैजयंताबाई! अहो वैजयंताबाई!" फक्त समोरचा रसवाला वळून बघत होता.

परत येऊन मुलीला सांगितलं, "कोणी नाही गं. खोड ते नाव!"

तिने खोडलं.

मग एकेक जण आत जाऊन आलं. काकूही गेल्या. बाक रिकामा झाला, आणि डॉक्टरीणबाई पर्स आवरायला लागल्या!

"अगं, माझा नंबर?"

"नाव काय तुमचं?"

"स्वाती."

"स्वाती कोणी नाहीच यादीत."

"असं कसं? यांनी आधार कार्ड पाठवलंय!"

तिने फोन माझ्यापुढे धरला. चेहरा माझा. नाव? वैजयंता!

अहो, ते माझं माहेरचं नाव! लग्नात तांदळात 'स्वाती' लिहिलं, आणि कागदपत्रं बदलायची राहूनच गेली. बावीस वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. तसं स्वाती तरी कोण म्हणतं? मी सगळीकडे ओमची आई!

मुलगी हसून हसून लाल झाली. पण पोरगी गुणाची. आत जाऊन डॉक्टरीणबाईंना थांबवून आली, आणि रिकाम्या खोलीत खणखणीत आवाजात ओरडली, "वैजयंता!"

मी अशी ताडकन उठले की डोळ्यांपुढे अंधारीच आली. डॉक्टरीणबाईंनीच हात धरून आत नेलं, बसवलं, पाणी दिलं.

"चक्कर नेमकी कधी येते?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "कुणी माझं नाव घेतलं की!"