फळ्यावरची पहिली चुकलेली पट्टी

सोपानअण्णांनी माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेले. दवाखान्यात रक्त घ्यायला आलेल्या नर्सलाही म्हणाले, "बाटलीवर नाव कुनाचं लिवलंस? दाव आधी."

असा माणूस. केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध सोसायटीचा जुना सभासद. कुणी चहा पाजला तरी "कावून?", म्हणजे "का म्हणून?", विचारणार.

आमची गाठ पडली ते दुष्काळाचं वर्ष होतं. गावातली जनावरं चारा छावणीत. मी नुकतीच मायक्रोबायोलॉजी करून आलेले. म्हशीला दगडी व्हायच्या आधीच दुधावरून ओळखणारी कागदी पट्टी बनवत होते. दगडी म्हणजे कासेचा आजार. उशिरा कळला तर सड, म्हणजे आचळ, कायमचा जातो.

पुण्यात फंडिंगसाठी लई दारं वाजवली. सगळीकडे एकच, "आधी जनावरांवर प्रूफ आणा." अहो, फंडिंगशिवाय प्रूफ आणू कुठून?

शेवटी सोसायटीच्या चेअरमननीच मार्ग काढला. प्रत्येक सभासदानं महिन्यातून एका वेळचं दूध द्यायचं, त्याच्या पैशातून ट्रायल चालवायची. जमलं तर सभासदांना पट्टी कायम बनवायच्या खर्चात.

निर्णय सभेत होणार होता.

सभेच्या आधी मी छावणीत अण्णांच्या म्हशीचं दूध तपासलं. पट्टी क्लीन.

"अण्णा, बिनघोर राहा."

दोन दिवसांत कास दगडासारखी झाली. एक सड गेला.

मी पळत गेले. खरं सांगते, म्हशीला बघायला नाही.

हात जोडले. "अण्णा, सभेत सांगू नका. माझं सगळं बुडेल."

अण्णा म्हशीपुढं उसाचं वाढं टाकत राहिले.

सभेत सगळ्यात आधी तेच उठले. खिशातून ती पट्टी काढली. जपून ठेवली होती, बघा!

"हिची पट्टी चुकली. माझ्या म्हशीचा सड गेला. आन् ही म्हनती, सांगू नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

चेअरमन म्हणाले, "म्हणजे तुमचा विरोध धरायचा."

"विरोध कावून करू? पुन्याला तपासून आनली असती तर चुकलेली पट्टी आपल्याला दावली असती का कुनी? आपल्याच दुधावर होऊ द्या. पर जी चुकंल ती हितं, दराच्या फळ्यावर डकवायची. समद्यांना दिसंल अशी. या पोरीवर माझा भरवसा न्हाई."

ठराव पास झाला. पहिली पट्टी त्यांनीच डकवली.

मला लई राग आला होता. रोज त्या फळ्यासमोरून मान खाली घालून जायचे.

पण चुकलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या तेव्हाच लक्षात आलं. सगळ्याच पट्ट्या छावणीत दुपारी वापरलेल्या. उन्हानं पट्टी दूध लागायच्या आधीच खराब होत होती. लॅबमधल्या एसीत मला हे जन्मात कळलं नसतं.

आता पट्टी चालते. तरी अधूनमधून चुकतेच.

काल एका मोठ्या फंडवाल्या साहेबांचा फोन. "मॅडम, प्रेझेंटेशनमधून तो फळ्याचा फोटो काढा. इन्व्हेस्टर घाबरतात."

माझ्या तोंडून निघालं, "कावून?"

फोटो काढला नाही. त्यांचा फोन परत येईल असं वाटत नाही.

आज सकाळी सोसायटीत गेले. या आठवड्यात एक पट्टी चुकली होती. माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

तुमच्या पट्टीशेजारी डकवून आले, अण्णा.

या वेळी कुणाला "सांगू नका" म्हणाले नाही.

डोळे भरून नमस्कार.