म्हैसूरला मुलगी बघायला गेलो आणि इंग्रजीत अडकलो

मालक म्हणाले, "रविवारी भट्टी बंद. म्हैसूरला जाऊन मुलगी बघून ये." मी मुलीच्या फोटोआधी मोबाईलवर रस्ता बघितला. एका जागी बूड टिकत नाही, हे माझं जुनं दुखणं. शाळा आठवीत सुटली. गलाईचं काम करतो, म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. आटपाडीकडून निघालो ते विजयवाडा, मदुराई करत आता कोइमतूरला.

उजाडताच बाईक काढली. तुम्हीही तसंच करा, कारण सत्यमंगलमच्या पुढे जंगल आहे आणि रात्री रस्ता बंद असतो. टाकी आधीच भरा. दिंबमच्या घाटात एवढी वळणं की कमरेला पीळ बसतो, पण वर पोचलं की हवा एकदम गार. हसनूरला इडली, वडा आणि चहा, साठ रुपयांत पोट टम्म. नंजनगूडला देवळाबाहेर रसबाळे केळी घेतली. पातळ सालीची, वास हेल्मेटच्या आत शिरतो. रिकाम्या हाताने कसं जायचं?

म्हैसूरला कुवेंपुनगरात मुलीचे वडील, शिंदेकाका, फाटकातच उभे. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत आलेले, म्हणजे घरात मराठी असणार असं मी धरून चाललो होतो. काका म्हणाले, "वेलकम! बेटर लेट दॅन सॉरी!"

मी म्हटलं, "येस सर."

पोह्यांऐवजी उप्पिट्टू आणि केसरीबात, म्हणजे आपलाच उपमा-शिरा, आलं. मुलगी, शालिनी, समोर बसली. काकू वाढत होत्या. काका एकटेच इंग्रजीत सुटले होते. मला दहातले दोन शब्द कळायचे, पण आठवी उघडी पडायला नको म्हणून मी मान हलवत होतो. मग त्यांनी मी किती गावं बदलली ते विचारलं. सांगितलं. ते गंभीर होऊन म्हणाले, "रोलिंग स्टोन गॅदर्स नो वर्म."

दगड कळला. वर्म म्हणजे किडा, तोही कळला. फिरत्या दगडाला कीड लागत नाही! मी छाती फुगवून म्हटलं, "थँक्यू सर!"

शालिनीच्या हातातली कॉफी हिंदकळली. हसू आवरेना. "अहो, अप्पा दोन म्हणींचा बिसीबेळे भात करतात! किडा दुसऱ्या म्हणीतला. फिरत्या दगडाला पाची लागत नाही म्हणायचं होतं. पाची म्हणजे... ते हिरवं, ओलं असतं ना, ते!"

"शेवाळ?"

"हां, तेच!"

म्हणजे काकांना माझ्या फिरतीची धास्ती होती आणि मी आभार मानले. कान तापले. म्हटलं, "काका, मी आठवी शिकलोय. मघापासून काहीच कळलेलं नाही."

 काका खुर्ची जवळ ओढून हळूच मराठीत म्हणाले, "मग आधी सांगायचं की रे! तुम्ही महाराष्ट्रातले. आमची कन्नड मिसळलेली मराठी ऐकूनशान हसाल असं वाटलं. म्हणून सुम्ने, उगीचच, इंग्लिश मारत होतो."

काकू म्हणाल्या, "तीन दिवस आरशासमोर तयारी केली हो यांनी!"

मग गप्पा खुलल्या, तरी निघताना काकांनी मुद्द्याचं विचारलंच, "पोरीची इथे बँकेत नोकरी. तू काम मिळेल तिथे जाणार, ती कुठवर फिरेल?"  "विचार करून सांगतो," मी म्हटलं. संध्याकाळी नजरबादच्या बाजूने राजवाड्याचे दिवे बघितले. रविवारी लागतात, चुकवू नका. हजारो दिवे एकदम लागले तरी मी त्या प्रश्नातच.

दुसऱ्या दिवशी कोइमतूरला आल्यावर मालकांना विचारलं, म्हैसूरच्या सोनारपेठेत आपल्या लोकांची भट्टी आहे का? आहे, आणि माणूस हवाय. लगेच काकांना कळवलं, मी म्हैसूरलाच कामाला येतो. दोन दिवस तिकडून काही नाही. इतक्या ठिकाणांहून मी निघालो, पण कुठे पोचायची अशी घाई कधी झाली नव्हती.

काल सोन्याची मूस भट्टीत असतानाच काकांचा फोन आला. इंग्रजीचा एक शब्द नाही.

"शालू हो म्हणाली रे. आता ये. दगडाला स्वल्प पाची लागू दे."