कै. चं श्री. करणारं पान

आधीच सांगून टाकते, मी इथले भुताखेतांचे अनुभव चहासोबत वाचून हसणारी बाई आहे. पांढरी साडी, उलटे पाय... सगळं वाचलंय आणि सगळ्यावर "काहीतरीच!" म्हटलंय. जे इनपुट द्याल त्याचंच आउटपुट येतं, नाही आलं तर चूक आपली, एवढंच मला शिकवलेलं. म्हणून हे लिहिताना भीती नाही वाटत, चीड येते. आजही.

साल २००७. भिवंडीत कामतघरला आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, वर आम्ही. लूम चालू असले की टेबलावरचा चहासुद्धा थरथरायचा. मी PHP मध्ये कोड लिहायची, इम्रान डिझाइन करायचा. काम होतं एका वधू-वर मंडळाच्या साइटचं. मंडळाच्या सेक्रेटरींनी, म्हणजे तात्यांनी, प्रत्येक मुलामुलीचं एकेक पान हौसेनं स्वतः बनवलेलं. पानाच्या कोडमधला उघडलेला टॅग बंदही करायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं!

मी ठरवलं, जुन्या फाइलींना हात लावायचा नाही. कोणी पान उघडलं की सर्व्हरवरची DOM लायब्ररी ती विस्कटलेली फाइल वाचणार, तिच्या टॅगांचं नीट झाड तयार करणार आणि त्या झाडावरून स्वच्छ पान पुन्हा लिहून देणार. वाचणं म्हणजे पार्सिंग, परत लिहिणं म्हणजे सीरियलाइझ. मराठी अक्षरांनी सुरुवातीला नुसता छळ मांडला, 'वधू'च्या जागी भलतीच चिन्हं यायची. अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी charset ची एक ओळ घातली आणि ते मिटलं. साइट चालू झाली.

चौथ्या दिवशी तात्यांचा फोन. "मॅडम, मेलेल्या माणसाला जिवंत कशाला करता?"

मनीषा नावाच्या मुलीचं पान होतं. फाइलीत 'वडील : कै. दामोदर'. साइटवर 'वडील : श्री. दामोदर'. आता आपल्याकडे हे केवढं मोठं प्रकरण आहे ते सांगायला नको. पत्रिका हातात आली की लोक जेवणाच्या वेळेआधी हे बघतात. मनीषाचं लग्न जुळत आलेलं. मुलाकडच्यांनी पान पाहिलं आणि बोलणी थांबवली. वडील हयात आहेत, मग बैठकीला का आले नाहीत? घर टाकून गेलेत का? आईनं खोटं सांगितलं का?

मी म्हटलं पाच मिनिटांचं काम. दोन दिवस गेले! फाइल उघडली, 'कै.'. पार्स केल्यावर झाडात पाहिलं, 'कै.'. परत लिहून घेतलं की 'श्री.'. माझ्या सगळ्या कोडमध्ये 'श्री' शोधलं, एकदाही नाही. बाकी पानांवरचे सगळे 'कै.' जागच्या जागी. त्याच पानावर दामोदरऐवजी गोविंद टाकलं तर 'कै. गोविंद' येतं. दामोदर टाकलं की 'श्री.'. आणि कॉम्प्युटरच्या लेखी 'कै' म्हणजे दोन कोड, 'श्री' म्हणजे चार. दोनाचे चार एन्कोडिंगच्या घोळानं होत नाहीत हो! इम्राननं स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिलं. तेच. "मॅडम, आपकी लायब्ररी मानने को तैयार नहीं," म्हणाला. मी कीबोर्ड आपटला, त्याची स्पेसबार तेव्हापासून तिरकी.

शुक्रवारी मनीषाची आईच आली. सुमनमावशी. अकलोलीजवळच्या गावातून, दोन गाड्या बदलून. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे खाली शांत होतं. मला वाटलं, आता ही मला धुऊन काढणार.

"कोनी लिवला त्यो 'श्री'?" तिनं विचारलं.

"कोणी नाही मावशी. आपोआप होतंय. बघा." मी तिच्यासमोर पान रिफ्रेश केलं. श्री. दामोदर.

ती बराच वेळ बघत राहिली. मग बसली. "रेतीच्या होरीवरना खारीत परलं. नऊ वरसा झाली. आंग मिलाला न्हाय. भावकीनं दर्भाचा पुतला केला नि जालला. मना कोनी इचारलाच न्हाय."

म्हणजे होडीवरून खाडीत पडलेल्या दामोदरांचं प्रेत कधी मिळालंच नव्हतं. तिच्याबद्दल वाईट वाटत होतं, आणि कोडचा संताप तर होताच. शेवटी जे करायला मला लाज वाटते तेच मी केलं, ठिगळ लावलं. पान लिहून झालं की 'श्री. दामोदर' शोध आणि तिथे 'कै. दामोदर' घाल. एक ओळ. रिफ्रेश केलं. 'वडील : कै. दामोदर'.

"झालं मावशी," मी म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं मला.

तिची नजर पुढच्या ओळीवर गेली होती. तिथे 'आई : श्रीमती सुमन' असं होतं. मी स्वतः शंभर वेळा पाहिलं होतं. ती बोट ठेवून हळूहळू वाचत होती. "सौ... सौ. सुमन."

मी वाकून पाहिलं. सौ. सुमन.

मी फाइल उघडली. 'श्रीमती'. मला खरंच रडू आलं, रागानं. "मावशी, चूक आहे ही, मी काढते, थांबा..."

"चूक कुनाची?"

तिनं पदर तोंडाला लावला होता. मग उठली. "पान कारून टाक, बाय. माज्या पोरीचा मी तोंडानं बोलीन. काय हाय ता सांगीन."

मी पान काढलं. ती एकटी जाऊन मुलाकडच्यांना सगळं सांगून आली. पुतळ्यासकट. आणि लग्न जुळलं.

पुढे मी ती फाइल दुसऱ्या सर्व्हरवर चालवली, नवं व्हर्जन आल्यावर चालवली. 'कै.' तो 'कै.'च येतो, 'श्रीमती' ती 'श्रीमती'च. म्हणजे आता दाखवायलाही काही नाही. कोणाला कारण सुचलं तर जरूर लिहा, पण कृपा करून "charset तपासा" म्हणू नका, मी हात जोडते. मला आजही माहीत नाही.

लग्नाची पत्रिका ऑफिसवर आली होती. 'दामोदर व सुमन यांची कन्या मनीषा'. दोघांच्याही नावाआधी काही नाही. श्री नाही, कै नाही, सौ नाही, श्रीमती नाही. तात्या तर फोनवर भडकलेच, असली पत्रिका जन्मात पाहिली नाही म्हणाले. मांडवात मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं, नावाआधी काहीच का नाही घातलं?

"मना म्हाईत न्हाय, बाय," ती म्हणाली. "मंग लिवू कसा?"