हॉर्न नसलेली गाडी

कॉम्प्युटरवरच्या रेसिंगची ऑनलाइन लीग मी नेरुळच्या घरातून चालवतो. त्यातल्या गाड्यांची चाकं उघडी. चाकाला चाक घासलं की गाडी उडालीच. दर रविवारी पहिल्याच वळणावर गाड्यांचा ढीग, मग ग्रुपवर शिव्या. वैतागून लीग बंदच करणार होतो.

तेवढ्यात जासईचा एक ट्रेलर ड्रायव्हर खेळायला आला. नाव अजून माहीत नाही, फक्त आवाज. ओव्हरटेक करताना तो माइकवर ओरडायचा, "दादा, उजवीकडून येतोय!" सगळे हसले.

"गाडीला हॉर्न नाय, पन तोंड हाय ना?" तो म्हणाला.

हळूहळू सगळेच ओरडायला लागले. काल पहिल्या वळणातून बाराच्या बारा गाड्या धड निघाल्या. मी हुश्श केलं.

"तुम्ही शेवटचे आलात की हो," मी त्याला म्हणालो.

"पोचलो ना, दादा!"