रिकाम्या खुर्चीचं म्हणणं

देवळात गाऱ्हाणी ऐकायला बसलेल्या देवालाही जे ऐकू येत नसेल, ते आमच्या आतोबांना ऐकू येई. माझ्या आत्याचे हे यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा सरकारनं बाजाराची दारं नुकतीच उघडली होती आणि तंजावरातही कॉम्प्युटरचं वारं शिरलं होतं. ते सरळ माझ्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत येऊन बसले. गिऱ्हाइकाच्या मीटिंगा टेप करायच्या आणि त्याला नेमकं काय हवंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. आम्ही बोलणं ऐकत असू, हे मधल्या फटी ऐकत. "बोललेलें कोणीही ऐकतें रे, न बोललेलें ऐक," म्हणत. घरीही तीच तऱ्हा. आत्या वैतागे, "कॉफी करूं विचारलें तर उत्तर नाहीं, माझा श्वास ऐकत बसतात!"

पापनाशमकडे बस सोडणाऱ्या एका कंपनीनं आमचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर दोनदा परत केलं. "सर्व बरें आहे, पण कांहीं तरी राहिलें," एवढंच मॅनेजर सांगत. आणखी एकदा परत आलं असतं तर माझ्या कंपनीला टाळंच लागलं असतं. आतोबांनी भर दुपारी मला समोर बसवून मीटिंगची टेप लावली. गाडी सुटण्याचा विषय निघाला की सगळे क्षणभर गप्प होत. त्या शांततेत एक खुर्ची करकरे आणि कुणीतरी खाकरे.

"हा कोण?" मी विचारलं.

"त्यांचा टाइमकीपर. ड्रायव्हरांस विचारून आलों. ह्यानें खाकरल्याशिवाय गाडी सुटत नसे. वारला बिचारा, पण मीटिंगीस येतो पाहा."

मी टेप मागे फिरवून पुन्हा ऐकली. मीटिंगमध्ये त्याची खुर्ची रिकामी होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. आतोबा मात्र जुना शेजारी भेटल्यासारखे खूश.

गाडी सोडण्याआधी स्क्रीननं जरा थांबावं, एवढीच भर त्यांनी घालायला लावली. स्क्रीन थांबला, ड्रायव्हरांनी टाइमकीपरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, गाडी सुटली आणि मॅनेजरनं मुकाट सही केली.

आतोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते त्यांची. आत्याकडे जमलो की हसताहसता सगळे एकदम गप्प होतो. त्यांच्या वेताच्या खुर्चीकडे कुणी बघत नाही. ती हलकेच करकरते. मग आत्या उठते, "कॉफी करूं?" विचारते आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबते. आता श्वास ऐकत उभी असते ती.