मास्तर आणि अक्षरांची मोजणी

शांताराम मास्तर डहाणूला स्टेशन मास्तर होते. निवृत्त झाल्यावर, १९९४ साली, त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. विद्यार्थी आम्ही मोजून तीन. चिकू बागायतदारांच्या एका संघाच्या सभासद यादीचं काम मिळालं, तरच क्लास टिकणार होता. आणि मास्तरांचा प्रोग्राम ती यादी गाववार लावायला तासभर घेत होता. संघाचे लाहूशेठ दोन महिन्यांनी एका शनिवारी बघायला येणार होते.

मजकुराची लांबी मोजणारं तयार फंक्शन लायब्ररीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार तुकड्यांच्या संग्रहात, असतं. मास्तरांच्या मते खोट तिथेच होती.

"लायब्ररीवाल्यांनी तेच वेगवान करायचं. एकदा केलं की सगळ्यांचं भलं."

"पण सर, कुठली मोजणी फुकट चाललीय हे कंपायलरनेच ओळखावं ना?" मी म्हणायचे. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम.

यावरून आमचं रोज वाजायचं. शेवटी हट्टाने महिनाभर खपून त्यांनी स्वतःचं फंक्शन लिहिलं, एका दमात चार अक्षरं मोजणारं. तासाचा अर्धा तास झाला.

लाहूशेठ यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी सगळा प्रोग्राम वाचला आणि कपाळाला हात लावला. एकेक अक्षर उचलण्याआधी मास्तर अख्ख्या यादीची लांबी नव्याने मोजून घेत होते! गाडी सोडण्याआधी लाइन मोकळी आहे का ते पुढच्या स्टेशनला दर वेळी विचारायचं, मागच्या गाडीचं उत्तर या गाडीला चालत नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. रेल्वेत ती बरोबरच. यादी मात्र जागची हलणार नव्हती.

मास्तर चहाला आत गेले, तेव्हा मी मोजणीची ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर काढून ठेवली.

शनिवारी लाहूशेठ खुर्चीत नीट टेकायच्या आत यादी तयार.

"मास्तर, ही तर मेल निघाली!"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "कशी काय गं, रश्मी?"

"तुमचं फंक्शन, सर."

धडधडीत खोटं बोलले. त्यांचा महिनाभराचा आनंद माझ्याच्याने मोडवेना.

क्लास टिकला. पुढे तीन वर्षं मास्तर नव्या मुलांना ते फंक्शन कौतुकाने शिकवायचे आणि मी मान खाली घालून ऐकायचे.

मला वापीला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी त्या प्रोग्रामची फ्लॉपी हातात ठेवली. ऑफिसात उघडून बघितली. माझ्या ओळीच्या वर एक शेरा होता. असले शेरे कंपायलर सोडून देतो, ते माणसांसाठी असतात. तारीख त्याच शनिवारची होती.

"ही ओळ रश्मीची. आता माझं फंक्शन एकदाच चालतं. तिला बोलू नये, पोर मनाला लावून घेईल."