साहेबराव ओव्हाळांचे बावन्न बोर्ड

साहेबराव ओव्हाळ कुरकुंभच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना वाटलं, आता हा माणूस खुटबावच्या दीड एकरात लक्ष घालील. पण साहेबरावांनी दौंडच्या घरातली पुढची खोली रिकामी केली, खिडकीशी टेबल लावलं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या एका कॉम्प्युटरचं सर्किट मांडायला बसले.

तो कॉम्प्युटर त्यांनी सत्त्याऐंशी साली पॉलिटेक्निकात पाहिला होता. एका देशी कंपनीचा, कीबोर्डाच्या खोक्यातच सगळं सामावलेला. पडद्याच्या जागी साधा टीव्ही जोडायचा. ती कंपनी पुढं बुडाली. वर्गाला यंत्र एकच होतं. पाळी हजेरीच्या क्रमानं लागायची, पण साहेबरावांच्या नावाशी येईतो तास संपलेला असायचा. एकदा त्यांनी प्रयोगशाळेच्या असिस्टंटला विचारलंच, "सर, माझी पाळी कवा?"

सुट्या भागांच्या कपाटाला कुलूप लावता लावता तो म्हणाला, "तुमच्यातल्यांनी मोटार वाइंडिंग शिकावं. नोकरी तिथंच लागती."

वर्षभरात साहेबरावांचा त्या यंत्राला हात लागला नाही. कंपनीच्या पुस्तकातलं सर्किट मात्र त्यांनी वहीत उतरवून घेतलं होतं. एकेक चिप, एकेक रेघ.

त्या वहीवरून नवा बोर्ड आखायला त्यांना दोन वर्षं लागली. मुलगी भाग्यश्री पुण्यात नोकरीला. आखणीचं सॉफ्टवेअर तिनंच रविवारी घरी येऊन शिकवलं. जुन्या कॉम्प्युटरांचं वेड असलेल्या लोकांचा एक ग्रुप होता. तिथं साहेबरावांनी लिहिलं : कोरा बोर्ड मिळेल, चिपा ज्यानं त्यानं बसवायच्या. बोर्ड छापणारा पन्नासाच्या खाली हात लावत नव्हता, म्हणून पन्नास नावं जमली तरच काम निघेल.

पाच महिन्यांत बावन्न नावं आली. नाशिक, कोइंबतूर, रांची. आणि एक नाव तळेगाव ढमढेऱ्याचं, आनंदराव. साहेबरावांच्याच वर्गातला. शेती पाहून सोसायटीचं चेअरमनपद भोगलेला. ते नाव साहेबरावांनी दोनदा वाचलं, मग यादीत बत्तिसावा आकडा टाकून लिहून घेतलं.

आधी जादा पैसे मोजून करवलेले नमुन्याचे पाच बोर्ड आले. त्यातला एक साहेबरावांनी चार दिवस खपून जोडला, टीव्हीला लावला आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

"चाललं का?" चांगुणाबाईंनी आतून विचारलं.

"चाललं," साहेबराव म्हणाले. त्यांनी कीबोर्डावर आपलं नाव टाइप केलं आणि बराच वेळ त्याकडं बघत राहिले.

छपाईला फाइल पाठवायच्या दिवशी आनंदरावाचा फोन आला. त्याच्याकडं त्या कॉम्प्युटरचं मूळ खोकं होतं, पण एका स्क्रूचं भोक जुळत नव्हतं. "तीन मिलिमीटर सरकवता आलं तर बघ ना." साहेबरावांनी भोक सरकवलं. असा काही बदल केला की सगळी आखणी पुन्हा तपासायची, हा कारखान्यात त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेला नियम. त्या दिवशी त्यांनी तो पाळला नाही.

बोर्डांचं खोकं आलं. पहिला जोडला तो मुका. दुसराही मुका. दोन दिवस मीटर घेऊन साहेबराव एकेक रेघ तपासत होते. शेवटी सापडलं : सरकवलेल्या भोकानं मागच्या बाजूची केसाएवढी रेघ कापून टाकली होती. सगळ्या बावन्न बोर्डांवर.

भाग्यश्री म्हणाली, "पप्पा, मागून तार जोडून द्या. बोर्ड चालल्याशी मतलब. कोण उलटून बघतंय?"

"मी बघतोय," साहेबराव म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना लिहिलं : 'भोक सरकवल्यावर मी आखणी तपासली नाही. चूक माझी आहे. प्रत्येक बोर्डाच्या मागं एक तार जोडून देतो आहे. असा बोर्ड नको असेल त्यानं निःसंकोच कळवावं.' भोक कुणाच्या सांगण्यावरून सरकवलं, ते लिहिलं नाही.

तिघांनी नावं मागं घेतली. बाकीचे थांबले.

तार जोडायचं काम नाजूक होतं. रेघेची दोन्ही टोकं खरवडायची, तांबं उघडं करायचं, केसासारखी तार ठेवून डाग द्यायचा. सहा बोर्ड नीट झाले. सातव्यावर डाग शेजारच्या रेघेवर सांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव दारात उभा राहिला. न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून दौंडला, दोन गाड्या बदलून आला होता. पिशवीत स्वतःची सोल्डरिंग गन.

"भोक माझ्यापायी सरकलं, आन् तू माझं नावसुदिक घेतलं न्हाईस," तो म्हणाला.

"तपासायचं काम माझं व्हतं. बस."

दोघं खिडकीशी बसले. साहेबराव खरवडून देत, आनंदराव डाग देई. चांगुणाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला. विसाव्या बोर्डाच्या सुमाराला आनंदराव मान वर न करता म्हणाला, "साहेबराव, तू पाळी इचारलीस त्या दिवशी मी कॉम्प्युटरवर बसलो व्हतो. सर तुला बोललं ते मी ऐकलं व्हतं."

साहेबरावांचं खरवडणं थांबलं. "ठावं हाय मला. तू वळून बघितलंस. मग परत टाइप करायला लागलास."

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"मी बोलायचं व्हय? तू बोलायचं व्हतंस."

बाहेर रेल्वेची शिट्टी वाजली. आनंदरावाच्या हातातल्या गनचं टोक तापून धूर सोडत होतं. त्यानं ते ओल्या स्पंजावर टेकवलं. त्याचे डोळे भरून आले होते. साहेबरावांना ते दिसलं. पण 'जाऊ दे' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तो खोटा ठरला असता. त्यांनी पुढचा बोर्ड त्याच्यापुढं सरकवला.

"डाग जरा कमी दे," ते म्हणाले. "फुगतोय."

तीन दिवसांत काम संपलं. आनंदराव रोज येई, संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. प्रत्येक बोर्ड साहेबरावांनी मीटर लावून तपासला आणि माहितीच्या कागदावर चुकीची हकिगत स्वतःच्या नावानिशी छापली. पार्सलं पोस्टात गेली. दोन बोर्ड खराब म्हणून परत आले. ते त्यांनी बदलून दिले. रांचीच्या एका निवृत्त शिक्षिकेनं आपला बोर्ड सुरू झाल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तिचं बोलणं संपेपर्यंत साहेबराव उभेच होते.

आनंदराव अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी येतो. दोघं जुन्या चिपांबद्दल बोलतात, एखादं बिघडलेलं यंत्र उघडून बसतात. त्या दुपारचा विषय पुन्हा निघालेला नाही. साहेबराव त्याला जेवू घालतात, निघताना दारापर्यंत येतात. स्टँडपर्यंत पोचवायला मात्र ते अजून कधी गेलेले नाहीत.